ग्लेझ म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्लेझ या शब्दाचा मूळ अर्थ काय?

एखाद्या वस्तूवर चढलेला पातळ, काचेसारखा थर. कुंभाराच्या भांड्यावर तो थर खरोखरच काचेचा असतो. केकवर तो साखरेचा असतो, तैलचित्रावर तेलात कालवलेल्या रंगाचा, तर कडाक्याच्या थंडीत फांदीवर बर्फाचा. खिडकीच्या बाबतीत थर वगैरे काही नाही, तिथे सबंध काचच आली. आणि कंटाळलेल्या माणसाच्या डोळ्यांवर काहीच चढलेलं नसतं, फक्त तसं वाटतं.

शब्दकोशात या अर्थांची लांबलचक रांग दिसते आणि भाषांतर करणाऱ्याची पंचाईत होते. अशा वेळी मी दोन गोष्टी विचारते: वर काय चढलंय, आणि ते कशासाठी चढवलंय? त्यांची उत्तरं मिळाली की योग्य मराठी शब्द बहुतेक वेळा आपोआप सापडतो.

हा शब्द आला कुठून?

इंग्रजीतल्या ‘ग्लास’पासून. जुन्या इंग्रजीत काचेला ‘ग्लॅस’ म्हणत, त्यावरून ‘काच बसवणे’ या अर्थाचं क्रियापद झालं. ‘काचेसारखी चकाकी आणणे’ हा अर्थ त्यातूनच पुढे वाढला. खिडक्यांना काचा बसवणाऱ्या कारागिराला इंग्रजीत आजही ‘ग्लेझियर’ म्हणतात.

याच्या शेजारी एक फसवा शब्द राहतो. फ्रेंचमध्ये ‘ग्लास’ म्हणजे बर्फ. तो लॅटिनमधल्या बर्फवाचक शब्दातून आला आहे आणि हिमनदीला म्हणतात तो ‘ग्लेशियर’ही त्याच घराण्यातला. फ्रेंच स्वयंपाकघरातले ‘ग्लासे’ (पाकात घोळलेलं) आणि ‘देमी-ग्लास’ (आटवून दाट, चकचकीत केलेला सॉस) हे शब्द या बर्फाच्या बाजूचे. म्हणजे ग्लेझियर काचेचा आणि ग्लेशियर बर्फाचा. दोन वेगळी कुळं, पण गुळगुळीत आणि चमकदार या गुणामुळे स्वयंपाकाच्या भाषेत ती एकमेकांत इतकी मिसळली आहेत की सरमिसळ होणं स्वाभाविक आहे.

मराठीत ग्लेझला काय म्हणायचं?

मातीच्या भांड्यांसाठी ‘झिलई’ हा शब्द उत्तम आहे आणि तो वापरात राहावा असं मला मनापासून वाटतं. जुन्या मराठीत ‘जिल्हई’ असंही रूप सापडतं. चकाकी या अर्थाच्या अरबी ‘जिला’शी त्याचं नातं आहे.

मात्र झिलईच्या नावाखाली इतर शब्द खपवू नयेत. कल्हई म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथलाचा थर, तो धातूचा असतो. मुलामा सोन्या-चांदीचा. रोगण म्हणजे लाकडावर किंवा चित्रावर लावतात ते व्हार्निश. ‘ओप’ वस्तू घासून, घोटून येतो, त्यासाठी वरून काही चढवावंच लागतं असं नाही. आणि ‘चकाकी’ हा नुसता गुण झाला. झिलई मॅट असू शकते, अजिबात न चमकणारी. त्यामुळे ‘मॅट ग्लेझ’चं भाषांतर ‘मंद चकाकी’ असं केलेलं दिसलं की मला चुकल्यासारखं होतं. ‘अचकाक झिलई’ किंवा सरळ ‘मॅट झिलई’ म्हणावं.

मातीच्या भांड्यावरची झिलई कशाची बनते?

मुख्यतः तीन गोष्टींची. पहिली सिलिका, म्हणजे गारेच्या (क्वार्ट्झच्या) दगडातलं किंवा वाळूतलं काच बनवणारं द्रव्य. अडचण अशी की शुद्ध सिलिका वितळायला सुमारे १,७१० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि भांड्यांच्या भट्ट्या सहसा १,३०० च्या पुढे जात नाहीत. म्हणून दुसरी गोष्ट: वितळण्याचं तापमान खाली आणणारी द्रव्यं. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, बोरॉन, जस्त यांची संयुगं हे काम करतात. कारागीर त्यांना फ्लक्स म्हणतात. तिसरी गोष्ट ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. ती नसेल तर वितळलेली काच उभ्या भांड्यावरून ओघळून थेट भट्टीच्या फळीवर जाईल. ॲल्युमिना तिला दाटपणा देते, म्हणून ती जागेवर थांबते.

ही सगळी द्रव्यं बारीक दळून पाण्यात कालवतात. भांडं आधी एकदा भाजलेलं असतं. त्या भाजणीला बिस्क म्हणतात आणि ती साधारण ९५० ते १,०५० अंशांवर होते. असं भांडं कडक तरी सच्छिद्र असतं. ते या कालवणात बुडवलं की पाणी मातीत शोषलं जातं आणि पूड अंगाला चिकटून राहते. बुडाचा भाग मात्र पुसून कोरा ठेवावा लागतो, नाहीतर भांडं भट्टीतल्या फळीला कायमचं चिकटतं. मग दुसरी भाजणी. त्या उष्णतेत पूड वितळून काच होते आणि मातीच्या वरच्या थरात थोडी मुरते. रंगाचा हात आणि झिलई यांत हाच मोठा फरक आहे. रंग वर बसतो, झिलई मातीशी एकजीव होते.

साध्या लाल मातीच्या भांड्यांना १,००० ते १,१५० अंश पुरतात. स्टोनवेअरला, म्हणजे दगडासारख्या कठीण, घट्ट भाजलेल्या भांड्यांना, १,२०० ते १,३०० लागतात.

हा शोध लागला कसा?

एकाच ठिकाणी लागला नाही. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकातच निळ्या-हिरव्या काचेरी थराचे मणी बनत होते. त्यांतला एक प्रकार फार सुंदर आहे: गारेच्या पुडीत क्षार मिसळून वस्तू घडवायची, ती वाळताना क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात आणि भाजल्यावर तिथेच काच होते. झिलई वरून लावायचीच नाही, ती आतून येते.

चीनमध्ये शांग काळात, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, लाकडाची राख कामी आली. जळत्या लाकडाची राख भट्टीत उडून भांड्यांच्या खांद्यांवर बसते. राखेत कॅल्शियम आणि पोटॅशियम असतं, ते मातीतल्या सिलिकेला वितळवतं. भट्टी उघडल्यावर ते हिरवट थेंब पहिल्यांदा कुणाला दिसले असतील, तेव्हा त्याने मुद्दाम राख लावून पाहिली असणार, असं मला नेहमी वाटतं.

झिलईचा रंग कुठून येतो? लावताना तर ती मातकट दिसते.

कच्च्या झिलईचा रंग आणि भाजल्यानंतरचा रंग यांचा फारसा संबंध नसतो. नवशिक्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. रंग देतात धातूंची ऑक्साइडं. कोबाल्टचा निळा कुठल्याही भट्टीत निळाच येतो. कथलाचं ऑक्साइड झिलईला अपारदर्शक पांढरं करतं. नवव्या शतकात इराकमधल्या कुंभारांनी चिनी पांढऱ्या भांड्यांची बरोबरी करण्यासाठी ते वापरलं, पुढे इटलीची मायोलिका आणि नेदरलँड्सची डेल्फ्ट भांडी त्याच वाटेने गेली.

लोह आणि तांबं यांचं वागणं जास्त गुंतागुंतीचं. भट्टीत भरपूर हवा असेल तर तांब्याचा रंग हिरवा येतो. हवा कोंडली, ऑक्सिजन कमी पडला, की ज्वाला झिलईतल्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि तेच तांबं रक्तासारखं लाल होतं. लोहाचंही तसंच: मोकळ्या हवेत मधासारखा पिवळा ते तपकिरी, कोंडलेल्या हवेत सेलाडॉन या प्रसिद्ध चिनी झिलईचा तो शांत करडा-हिरवा. सेलाडॉनला लोह अगदी थोडं, एक-दोन टक्केच लागतं. बादलीतली झिलई तीच, फरक पडतो तो हवेमुळे. या विषयात मला सर्वांत जास्त काय आवडतं असं विचाराल, तर हे.

मिठाची झिलई म्हणजे काय?

भट्टी १,२०० अंशांच्या पुढे गेली की तिच्यात मीठ टाकतात. मिठाची वाफ होते, तिच्यातलं सोडियम मातीतल्या सिलिकेशी संयोग पावतं आणि भांड्यावर संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत काच तयार होते. जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीच्या खोऱ्यात मध्ययुगाच्या अखेरीस ही पद्धत रुजली. या क्रियेत हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ बाहेर पडते, त्यामुळे बंद जागेत हा प्रयोग कधीही करू नये.

झिलईवर बारीक तडे का जातात? ते भांडं वापरावं का?

भट्टी थंड होताना माती आणि झिलई दोन्ही आकसतात. झिलई मातीपेक्षा जास्त आकसली तर ती ताणली जाते, आणि काचेला ताण सोसत नाही. मग जाळीदार तडे पडतात. कधी भट्टीतून काढल्याबरोबर, कधी काही महिन्यांनी टिण् टिण् असा आवाज करत. झिलईत सिलिकेचं प्रमाण वाढवलं तर तिचं आकसणं कमी होतं.

याच्या उलटही घडतं. झिलई फारच कमी आकसली तर ती कडांवरून टवके होऊन सुटते. हा दोष तड्यांपेक्षा कितीतरी घातक, कारण ते टवके म्हणजे काचेचे धारदार तुकडे.

सोंग काळातल्या (इ.स. ९६० ते १२७९) चिनी ग्वान भांड्यांवर तडे मुद्दाम आणलेले आहेत, आणि ती जगातल्या सर्वांत देखण्या भांड्यांत मोडतात. दिसण्याला काही हरकत नाही. पण रोजच्या खाण्यापिण्याचं भांडं असेल आणि आतली माती सच्छिद्र असेल, तर तड्यांतून ओल आणि अन्नाचे कण आत जातात. असं भांडं मी तरी शोभेलाच ठेवते.

झिलईतलं शिसं धोकादायक असतं ना?

हो, आणि याबाबतीत भीड बाळगू नये. शिशामुळे झिलई कमी तापमानाला वितळते, गुळगुळीत बसते, तिचे रंग खुलतात, म्हणून हजारो वर्षं ते वापरलं गेलं. पण झिलई नीट भाजलेली नसेल किंवा तिचं मिश्रण चुकलं असेल, तर आंबट पदार्थ त्यातलं शिसं बाहेर ओढतात. भडक लाल-पिवळ्या रंगांत कॅडमियमचाही धोका असतो.

घरी रात्रभर लिंबाची फोड ठेवून बघण्याची युक्ती अनेक जण सांगतात. तिथला रंग उतरला तर झिलई टिकाऊ नाही एवढंच त्यातून कळतं. रंग उतरला नाही म्हणजे शिसं नाही, असा अर्थ काढू नका. प्रयोगशाळेत भांड्यात ४ टक्के ॲसेटिक आम्ल २४ तास भरून ठेवतात आणि त्यात किती शिसं उतरलं ते मोजतात. भांडं जुनं असेल, कुणी बनवलं ते माहीत नसेल, तर त्यात खाऊ नये.

चित्रकार ग्लेझ म्हणतात ते काय?

वाळलेल्या रंगावर दिलेला पातळ, पारदर्शक रंगाचा थर. प्रकाश त्यातून आरपार जातो, खालच्या फिकट रंगावरून परततो आणि पुन्हा त्या थरातून बाहेर येतो. म्हणून पिवळ्यावर निळा ग्लेझ दिला तर दिसणारा हिरवा, पॅलेटवर कालवलेल्या हिरव्यापेक्षा खोल वाटतो. पंधराव्या शतकातले फ्लेमिश चित्रकार, यान व्हान आयकसारखे, या कामात निष्णात होते. २०१० साली लिओनार्दो दा विंचीच्या चित्रांवर झालेल्या क्ष-किरण अभ्यासात काही थर अवघे एक-दोन मायक्रोमीटर जाडीचे आढळले.

तैलरंगात एक नियम पाळावाच लागतो: वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल जास्त हवं. नाहीतर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्र तडकतं. जलरंगात आणि ॲक्रिलिकमध्येही ग्लेझ देता येतो, फक्त खालचा थर पुरता वाळू द्यावा. मराठीत याला ‘पारदर्शक लेप’ म्हणता येईल. झिलई म्हटलं तर वाचकाच्या डोळ्यांसमोर भांडंच येतं.

स्वयंपाकातला ग्लेझ, आयसिंग आणि फ्रॉस्टिंग यांत फरक काय?

दाटपणाचा. ग्लेझ ओतता येतो आणि आपोआप पसरून चकचकीत सुकतो, डोनटवर असतो तसा. आयसिंग त्याहून थोडं दाट. फ्रॉस्टिंग लोण्याचं किंवा मलईचं, फेटून फुगवलेलं, सुरीने थापावं लागणारं. ब्रेडवर भाजण्याआधी ब्रशने अंडं किंवा दूध लावतात तोही ग्लेझच. आरशासारख्या केकवरचा ‘मिरर ग्लेझ’ जिलेटिन घालून बनतो आणि गोठवलेल्या केकवर कोमट असताना ओततात.

डिग्लेझ करणं मात्र वेगळंच. परतून झाल्यावर कढईच्या तळाला जे खमंग चिकटून राहतं, ते थोडं पाणी, वाइन किंवा रस ओतून सोडवायचं आणि त्याचा सॉस करायचा.

गोठवलेल्या मासळीच्या पाकिटावर ग्लेझ का लिहिलेलं असतं?

मासळी किंवा कोळंबी गोठवल्यावर तिच्यावर पाण्याचा पातळ थर देऊन तोही गोठवतात. त्याने मासळी सुकत नाही आणि हवेशी संपर्क तुटल्याने खवट होत नाही. पण बर्फालाही वजन असतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार पाकिटावरच्या निव्वळ वजनात हा बर्फ धरायचा नसतो. म्हणून निव्वळ वजनाचा आकडा बघावा.

गोळ्या-चॉकलेटांवरचा ‘कन्फेक्शनर्स ग्लेझ’ शाकाहारी असतो का?

तो शेलॅकचा असतो, म्हणजे लाखेच्या किड्यांनी स्रवलेल्या रेझिनचा. घटकांच्या यादीत ई-९०४ असा क्रमांक दिसेल. ई-९०१ म्हणजे मधमाशांचं मेण, ई-९०३ म्हणजे कार्नौबा या पामच्या पानांचं मेण. कीटकजन्य पदार्थ चालत नसतील तर शेवटचा चालेल.

डबल ग्लेझिंगचा चकाकीशी काही संबंध आहे का?

काहीही नाही. बांधकामाच्या भाषेत ग्लेझिंग म्हणजे काच बसवणं. डबल ग्लेझ्ड खिडकीत दोन काचा असतात आणि मधे बहुधा १२ ते १६ मिलिमीटर बंद पोकळी. तिच्यात कोरडी हवा किंवा आर्गॉन वायू भरतात. उष्णता आणि आवाज दोन्ही अडतात. ‘ग्लेझ्ड डोअर’चं भाषांतर ‘चकचकीत दरवाजा’ असं झालेलं मी पाहिलं आहे. तो काचेचा दरवाजा.

हवामानाच्या बातम्यांत ग्लेझ म्हणजे?

शून्याखाली गेलेले तरीही द्रवच राहिलेले पावसाचे थेंब गार पृष्ठभागावर पडले की आधी पसरतात, मग गोठतात. पसरायला वेळ मिळाल्यामुळे त्यांत हवा अडकत नाही आणि काचेसारखा पारदर्शक, जड बर्फ बनतो. थेंब क्षणात गोठले तर हवा अडकते, बर्फ पांढरा आणि ठिसूळ होतो, त्याला राइम म्हणतात. ग्लेझ दिसायला मोहक, पण भार जबरदस्त. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्युबेक आणि ऑन्टारिओ प्रांतांत अशा बर्फाने विजेचे मनोरे वाकून कोसळले आणि लाखो लोक ऐन हिवाळ्यात विजेविना राहिले. विमानाच्या पंखांवरही हाच बर्फ घातक ठरतो.

ब्रेक ग्लेझ झाले, असं मेकॅनिक म्हणतात ते चांगलं की वाईट?

वाईट. ब्रेक पॅड फार तापले की त्यांचा पृष्ठभाग कडक आणि गुळगुळीत होतो, पकड कमी होते, कर्कश आवाज येतो. लगेच दाखवून घ्या. धार लावायच्या चाकाचंही तसंच: त्याचे कण बोथट झाले की चाक चमकू लागतं आणि कापेनासं होतं. जिथे खरखरीतपणाच कामाचा, तिथे ग्लेझ हा दोष.

ग्लेझ्ड कागद आणि कापड?

कागद रुळांमधून दाबून गुळगुळीत करतात. हाताने घोटत तेव्हा मराठीत त्याला ‘घोटीव कागद’ म्हणत, आणि तोच शब्द आजही चालावा. छिटाच्या कापडालाही खळ आणि दाब देऊन अशीच तकाकी आणतात.

‘हिज आइज ग्लेझ्ड ओव्हर’ याचं मराठी काय करावं?

इथे कोश बंद करून माणसाकडे बघावं. कंटाळलेल्या श्रोत्याचे डोळे असतील तर ‘नजर हरवली’, ‘शून्यात गेली’. आजारी माणसाचे असतील तर ‘डोळे निस्तेज झाले’. भीतीने किंवा मरणाने असतील तर ‘डोळे थिजले’. तुपासाठी वापरतो ते ‘थिजणं’ डोळ्यांसाठीही मराठीने वापरावं, हे मला फार नेमकं वाटतं: आधी हलतं होतं, आता वर साय धरल्यासारखं स्थिर. ‘डोळे चकाकले’ असं मात्र कधीही लिहू नका, त्याचा अर्थ नेमका उलटा होतो.

तरुण मुलं ‘ग्लेझिंग करू नकोस’ म्हणतात, ते काय?

एखाद्याची वाजवीपेक्षा जास्त स्तुती. मराठीत हांजी हांजी, मस्का मारणं, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीची एक नवी आवृत्ती वापरणाऱ्यांच्या प्रत्येक म्हणण्यावर माना डोलवू लागली, तेव्हा ती बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी तिच्याबद्दल हाच शब्द वापरला, आणि कंपनीने ती आवृत्ती मागे घेतली. या अर्थामागे अश्लील छटा आहे, म्हणून औपचारिक लिखाणात तो टाळावा.

ग्लेझ नावाचं सॉफ्टवेअरही आहे का?

आहे. शिकागो विद्यापीठात बेन झाओ यांच्या चमूने २०२३ मध्ये ते चित्रकारांसाठी मोफत उपलब्ध केलं. चित्र ऑनलाइन टाकण्याआधी हे सॉफ्टवेअर त्याच्या पिक्सेलांत बारीक बदल करतं. माणसाला चित्र जवळजवळ तसंच दिसतं, पण त्यावरून शैली शिकू पाहणाऱ्या एआयला ती भलतीच भासते. सपाट रंगांच्या चित्रांवर बदल थोडे जाणवतात. हा उपाय कायमचा नाही, पुढे तो भेदला जाऊ शकतो, असं बनवणारे स्वतःच सांगतात. तरीही आपली शैली घडवायला ज्यांची वर्षं गेली आहेत, त्यांनी तो वापरावा असं माझं मत आहे. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा. ग्लेझ चढवलेल्या प्रतीवरून मूळ चित्र परत मिळत नाही.